ताईच्या रुखवतातल्या कुरडया

सुट्टी लागली की दुसरबीडला आमच्या गल्लीत घरोघरी गव्हाचा चीक शिजतो. तो आंबूस वास आला की मास्तरकी विसरून मी पुन्हा पाचवीतला पोरगा होतो.

त्या उन्हाळ्यात ताईचं लग्न होतं. रुखवतात मांडायच्या कुरडया अंगणात बाजेवर वाळत होत्या. "पाणी आणेपर्यंत ध्यान ठेवजो," म्हणत ताई हापशीवर गेली आणि मी गोष्टीच्या पुस्तकात शिरलो. त्यातलं जहाज किनाऱ्याला लागलं तेव्हा मान वर केली, तर शेजारची शेळी अर्धी बाज साफ करून उभी.

"काऊन वं, ध्यान कुठं होतं तुहं?" माय ताईवर कडाडली.

"हापशीवर बोलत राह्यली, माय." ताईनं माझं नावही घेतलं नाही.

सासरी निघालेल्या पोरीला मायनं नाही नाही ते सुनावलं. मी पुस्तकाच्या पानात बोट घालून उभा होतो. जेवताना ताईनं हळूच विचारलं, "मंग, पोचलं का बे तुहं जहाज?"

ती अजूनही दर उन्हाळ्यात डबाभर कुरडया पाठवते. सुट्टीआधी मी वर्गात सांगतो, "पोरांनो, वाचताना जग विसरा." तेव्हा आपल्या वाट्याची बोलणी कोण खातं, हे सांगायला मात्र माझं तोंड उघडत नाही.