कापूर खाल्लेला कोळसा

"मॅडम, तुमचा फिल्टर फेल आहे," सेक्रेटरी दिलीपभाई म्हणाले. त्यांच्यामागे सोसायटी ऑफिसच्या भिंतीवर उद्घाटनाचा बॅनर अजून लटकत होता: 'अंतराळातील तंत्रज्ञान आता आपल्या सोसायटीत.'

ही सोसायटी मीरा रोडला, पूनम सागर भागातली. सांडपाणी शुद्ध करणारा एसटीपी बेसमेंटमध्ये आहे. तिथली हवा एक पंखा ओढतो आणि पाइपमधून इमारतीच्या मागे सोडतो. पाइपच्या तोंडासमोरच तळमजल्यावरच्या सावंतकाकूंची बेडरूम. कुजक्या अंड्यांचा वास थेट घरात. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रणा बसवणं हे माझं काम. पाइपच्या वाटेत मी कार्बनचा, म्हणजे खास कोळशाचा, ड्रम बसवून दिला होता. उद्घाटन होऊन आठवडा झाला नव्हता, आणि वास होता तसाच होता.

काकूंना घाई होती. मुलगी स्नेहल पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. एकदा येऊन गेली. दुपारभर ओकली आणि संध्याकाळी बदलापूरला सासरी परतली.

"डॉक्टर म्हणतायत, प्रवास करायचा तर नववा लागायच्या आत करा," काकू म्हणाल्या. "तिकडे एका खोलीत पाच जणं राहतात हो."

अंतराळयानाच्या बंद केबिनमध्ये माणसांच्या अंगातून आणि यंत्रांतून सुटणारे वायू असाच कार्बन पकडतो, हे खरं आहे. समितीला ते मीच सांगितलं होतं. बॅनर त्यांचा. या कोळशावर प्रक्रिया करून त्याच्या प्रत्येक दाण्यात डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं तयार करतात. वायूचा रेणू आत शिरला की छिद्राच्या भिंतीला चिकटतो. भिंतीवर जागा आहे तोवर कार्बन काम करतो. जागा संपली की वायू सरळ पुढे निघून जातो.

एसटीपीच्या वायूने ड्रम इतक्या लवकर भरणं शक्य नव्हतं.

"उद्घाटनाआधी पंखा चालवला होता?" मी विचारलं. तो बंद ठेवा, असं बजावून मी गेले होते.

"चालवला ना. टेस्टिंग नको?" दिलीपभाई म्हणाले. "प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. तोपर्यंत खाली वास मारायला नको म्हणून आम्ही कापूर लावला."

"किती?"

उत्तर खजिनदार नाईकांनी दिलं. ते एमबीए आहेत आणि बोलताना ते एकदा तरी सांगतात. "इलेक्ट्रिक कापूरदाण्या. शिवाय गुलाबाचं फिनेल. पंख्याच्या तोंडाशीच ठेवलं, म्हणजे सगळीकडे फिरेल. माझी आयडिया."

"पंखा खोलीतली हवा ओढून घेतो."

"तेच तर. बाहेरही सुगंध गेला असता."

"गेला?"

दिलीपभाईंनी मान हलवली. "नाही गेला. हमको लगा कापूर डुप्लिकेट है. मग डबल लावला."

सुगंध बाहेर गेला नाही, कारण तो सगळा कार्बनने पकडला होता आणि त्यातच छिद्रांमधली जागा संपली होती. फिल्टर उत्तम चालला होता, तेव्हाच. ज्या पाहुण्यांसाठी हे चाललं होतं, ते आले, नारळ फोडला, बॅनरखाली फोटो काढला आणि बेसमेंटची पायरीही न उतरता गेले.

नाईकांना हे पटेना. मी ड्रममधून मूठभर कार्बन काढला. ऑफिसात चहासाठी इंडक्शन होता. त्यावर जुन्या पातेल्यात कार्बन तापवला. उष्णता मिळाली की चिकटलेले रेणू सुटू लागतात. थोड्याच वेळात खोलीत कापूर दरवळला, मागोमाग गुलाब.

"अरे वा," नाईक म्हणाले. "देवळात आल्यासारखं वाटतंय."

सावंतकाकू दारातच उभ्या होत्या. "म्हणजे मी तिथे नाक दाबून बसले होते, आणि तुम्ही कोळशाला धूप दाखवत होतात?"

"काकू, भावना चांगली होती," दिलीपभाई म्हणाले.

"भावनेचा वास येत नाही, दिलीपभाई. माझ्या बेडरूममध्ये येतो तो दुसराच आहे."

उपाय सोपा होता. ड्रममधला कार्बन काढायचा, नवा भरायचा. एका सकाळचं काम. पण समितीच्या ठरावाशिवाय ड्रमला हात लावायचा नाही, असं ठरलं. पहिल्या सभेला पुरेसे सदस्य आले नाहीत. दुसरी सभा, नवा कार्बन भरल्यावर पाहुण्यांना पुन्हा बोलवावं का, या चर्चेत संपली. तिसरीत ठराव झाला. दुसऱ्या दिवशी मी कार्बन भरला आणि दुपारपर्यंत वास गेला. कापूरदाण्या काकूंनी स्वतः उचलून ऑफिसात आणून ठेवल्या.

तोवर स्नेहलला नववा लागला होता. डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. बाळ बदलापूरलाच, त्या एका खोलीच्या घरात आलं. काकू डबा घेऊन रोज तिकडे जात. मीरा रोडला त्यांच्या बेडरूमची हवा तेव्हा अगदी स्वच्छ होती आणि ती घ्यायला घरात कोणी नसे.

सोसायटीच्या ग्रुपवर नाईकांनी लिहिलं की समितीच्या सततच्या पाठपुराव्यामुळे कंपनीला सदोष कार्बन बदलणं भाग पडलं. खाली बरेच अंगठे आले.

हँडओव्हरच्या वेळी मी आता एक वाक्य जास्त सांगते. पाहुण्यांसाठी सुगंध हवाच असेल तर तो पाहुण्यांच्या रुमालाला लावावा.