खंडेनवमीला झोपवलेला सर्व्हर

"अहो, पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय इथं! चलान कुठंय, चलान?"

शेठ असे ओरडत होते की चाकणातल्या आमच्या शेडचे पत्रे तळवड्यापर्यंत वाजले असतील. दारात ब्रॅकेटांनी भरलेला टेम्पो उभा. बारकोडचं चलान दाखवल्याशिवाय पलीकडच्या मोठ्या कंपनीचं गेट माशीलाही आत घेत नाही. आणि दुसऱ्या शिफ्टच्या आधी माल पोचला नाही तर त्यांची लाइन थांबणार, शेठची ऑर्डर जाणार. चलान काढणारं सॉफ्टवेअर जावा या संगणकाच्या भाषेतलं, मी लिहिलेलं. म्हणून हा सगळा गजर माझ्या नावाचा.

खरं तर खंडेनवमीची पूजा झकास चालली होती. ब्रॅकेट ठोकणारे सगळे प्रेस बंद, पुसून लख्ख, वर झेंडूचे हार. एवढ्यात शेठना आठवलं, "सर्व्हर राहिला की! कुठं असतो तो?"

म्हटलं, "मुंबईत. भाड्याचा आहे. कुणाच्या तरी मोठ्या मशीनचा एक कोपरा आपल्याला दिलाय, एक जीबी मेमरीचा."

"मग हार तुमच्या लॅपटॉपला घाला. पण आधी सर्व्हर बंद करा. वर्षभर राबतोय बिचारा. चालू यंत्राची पूजा करतात का राव?"

"शेठ, तो झोपला तर उठायचा नाही," मी अक्षरशः हात जोडले. पण आरतीचं ताट घेतलेल्या माणसाशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय? केला बंद. आरती झाली, टेम्पो भरला, आणि चलानासाठी तो परत चालू करायला बसलो.

जावा हा असा पाहुणा आहे की एकदा बसला की वर्षभर गपगुमान बसेल, पण टेकताना अख्खा सोफा मागेल. शेठनी घेतलेलं एक जीबीचं स्टूल. त्यावरही अर्ध्या जागेत वर्षभरात फुगलेला चलानांचा डेटाबेस आधीच मांडी ठोकून. मी जावा सुरू केला की मेमरी संपायची आणि सर्व्हर थेट त्याचाच गळा आवळायचा. पडद्यावर एकच शब्द, 'किल्ड'. परत सुरू केला, परत किल्ड. एवढे खून पिंपरी-चिंचवडने स्थापनेपासून पाहिले नसतील.

"शेठ, दुप्पट मेमरीचा घेऊ, आत्ता लगेच होतं!"

"आज? नवी वस्तू उद्या, दसऱ्याच्या मुहूर्तावर. आज हाच उठवा."

मग काय! डेटाबेसचा वाटा कापला, जावाचा त्याहून कापला, डिस्कचा एक तुकडा मेमरी म्हणून जोडला. स्पेसबारखाली झेंडूची पाकळी अडकलेली, पडद्यावर कुंकवाचं बोट, मानेवर शेठचा श्वास. डिस्कवरून मेमरीचं काम म्हणजे पवना नदीतून चमच्याने पाणी आणून टाकी भरणं. जावा उठायला इतका वेळ लागला की मला दाढी फुटली. पण उठला! प्रिंटर खरखरला, चलान बाहेर आलं, आणि मी ते हिसकावून थेट टेम्पोकडे धावलो.

ड्रायव्हर मावळातले काका. एवढ्या गोंधळात केबिनमध्ये पाय पसरून निवांत बसलेले.

"काका, हे घ्या! उडवा गाडी!"

त्यांनी चलानाची घडी केली, खिशात घातली.

"गाडीची पूजा व्हायचीय अजून. नारळ आणाया गेलेत."