राबातला पाय

आमच्या मालकांना साखरेचा आजार होता हे आम्हा नवरा-बायकोलाच माहीत होतं. मुलगा वराळ्याला कंपनीत आहे, त्यालाही सांगू दिलं नाही. गोळ्या धान्याच्या कोठीमागे असायच्या. पाहुणा आला की स्वतःच्या चहात मुद्दाम साखर जास्त घालायला लावायचे. बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस कामातून गेला, असं त्यांचं म्हणणं.

पवनानगरच्या पुढे आमची भातखाचरं आहेत. उन्हाळ्यात रोपाच्या जागेवर शेण आणि पालापाचोळा पसरून जाळतात, तो राब. आग विझलेली दिसते, पण राखेखाली निखारे असतात. माणसं कडेला उभी राहून काठीनं राख हलवतात. त्या वर्षी मालक अनवाणी आत शिरले आणि सावकाश पलीकडे निघाले.

चुलत दीर ओरडले, "दादा, चपला तरी घाला की!"

"चपला तुला. मला काय व्हतंय?"

"पाय हाय का नांगराचा फाळ!"

सगळे हसले. मालक वळले आणि तसेच परत चालत आले. मीही हसले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. या वयातही आपला नवरा असा आहे म्हणून.

त्यानंतर ते ओसरीवर झोपायला लागले. पायाला फडकं गुंडाळलेलं. विचारलं की म्हणायचे, "काटा मोडलाय." पुढं वास यायला लागला.

"दाखवा पाय."

"तू डाक्टरीण हायस व्हय?"

वटपौर्णिमेला वड पूजून आले. शेजारणी दारात होत्या, त्यांच्यासमोर मालकांना पाय मागं घेता येईना. मी पाया पडायला वाकले आणि फडक्यावरून त्यांचा अंगठा दाबला, चांगला जोर लावून. ते शेजारणींना पावसाचं सांगत होते, सांगतच राहिले. त्यांना कळलंच नाही. माझी बोटं पुवानं भरली.

मी मुलाला फोन केला. तळेगावच्या डॉक्टरांनी फडकं सोडलं आणि विचारलं, "आजोबा, भाजलं तेव्हा दुखलं नाही?"

मालक ताठ बसले. "जरासुदिक न्हाई."

"अहो, तोच तर आजार आहे," डॉक्टर म्हणाले. साखरेनं पायाची जाणीवच गेली होती. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

घरी येताना गाडीत ते पहिल्यांदा बोलले. "टॅक्टरखाली गेला म्हणून सांगायचं."

"कुणाच्या?"

"कुणाच्या बी."

आता पुरुषमंडळी भेटायला येतात. ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालतात आणि जातात. त्यांना खरं ठाऊक असणार. मालकांना राबात चालताना त्यांनीच पाहिलं होतं. पण कुणी तो विषय काढत नाही. ती मंडळी गेली की मालक भिंतीकडे तोंड करून पडतात. घरात दोन माणसं आहोत, पण त्या पायाबद्दल आम्ही एक शब्द बोललेलो नाही. मी तेव्हा हसले होते, हेही त्यांना सांगता आलेलं नाही.

लावणीला बाया आपापल्या नवऱ्यांची दुखणी काढतात. कुणाचा दमा, कुणाचं ब्लडप्रेशर. हसतात, रडतात, मोकळ्या होतात. मग मला विचारतात, "मावशी, टॅक्टर म्होरनं आला का मागनं?"

"मागनं," मी सांगते, आणि खाली वाकून पुढची रोपं लावायला लागते.