जाऊबाईंच्या वडिलांचा व्हर्निअर

देव न मानणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण मोजल्याशिवाय काहीच न मानणारा माणूस पाहिला तो एकच, आमच्या मोठ्या जाऊबाईंचे वडील. उभा जन्म तळोज्याच्या कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर गेला. निवृत्त झाल्यावर चार माणसं देवदर्शनाला जातात, यांनी विचुंब्याच्या घरामागे पत्र्याची शेड ठोकली आणि त्यात एक जुना लेथ नि एक ग्राइंडर आणून बसवला. लोक सदऱ्याच्या खिशात पेन ठेवतात, हे व्हर्निअर ठेवतात. व्हर्निअर म्हणजे कागदाचीसुद्धा जाडी सांगणारी ती दोन चोचींची पोलादी पट्टी. जाऊबाईंच्या लग्नात पंगतीला बसल्या बसल्या त्यांनी पानातली तांदळाची भाकरी मोजली आणि वाढणारीला म्हणाले, "या कडंला दीड मिलिमीटर जाड हाय गो." ती बिचारी वाढायचंच विसरली. आमच्या सासूबाईंनी तेव्हाच कपाळाला हात लावला होता, की अगं बाई, हे कसले व्याही!

पनवेल स्टँडवरून रिक्षानं विचुंब्याला जायला तुम्हाआम्हाला वीस मिनिटं लागतात, त्यांना कधी कधी दीड तास लागायचा. इंजिनाचा आवाज जरा वेगळा आला की ते रिक्षा बाजूला घ्यायला लावायचे, स्वतः खाली उतरायचे, आणि मागच्या सीटवरची माणसं घड्याळं बघत बसायची. बरं, काम झाल्यावर रिक्षावाल्यानं भाडं नको म्हटलं तर यांना राग! आणि कुणाचाही शब्द म्हणून खरा मानायचा नाही. डॉक्टरनं ताप नाही म्हटलं तर थर्मामीटर मागून घेतील. दुधाच्या पिशवीतलं दूध मापानं ओतून बघतील. जाऊबाई म्हणतात, "मी पास झाल्याचं सांगितलं तेव्हासुद्धा बाबांनी आधी गुणपत्रिकेची बेरीज केली."

अशा माणसाच्या दारात हात पसरायची वेळ माझ्यावर यावी, याला काय म्हणायचं! मी पनवेलमध्ये शाळेची व्हॅन चालवते. आमच्या ह्यांची कंपनी बंद पडल्यापासून घर त्या व्हॅनवरच उभं आहे. दिवाळीच्या सुट्टीत व्हॅन टकटक करायला लागली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चढावर मान टाकून उभी राहिली. गॅरेजवाल्यानं इंजिन खोललं आणि कॅमशाफ्ट माझ्या हातात दिला. हातभर लांबीची लोखंडी दांडी, तिच्यावर अंड्याच्या आकाराचे सहा उंचवटे. त्यांना लोब म्हणतात. ते फिरता फिरता इंजिनाच्या झडपा उघडतात. त्यातला एक लोब घासून पार सपाट झाला होता. "नवीन टाका," गॅरेजवाला म्हणाला आणि त्यानं आकडा सांगितला. तेवढे पैसे असते तर मी दिवाळीला मुलांना कपडे नसते का घेतले? सोमवारी शाळा उघडणार होती. व्हॅन दारात आली नाही तर पालक मंगळवारी दुसरी गाडी लावणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांचाही काय दोष म्हणा.

तर तो कॅमशाफ्ट जुन्या टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन मी विचुंब्याला गेले. जाऊबाई माहेरीच होत्या. आमच्या दोघींचं तसं बरं आहे, पण माझी गाडी, माझी कमाई असा माझा जरा तोरा असतो, आणि तो मी त्यांच्यासमोर विशेष मिरवते. बाबांनी डोळे मिटून सगळ्या लोबांवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "तेल कवा बदललंस?"

"दसऱ्याला. गाडीची पूजा केली ना, तेव्हाच," मी जाऊबाईंकडे बघत ठणकावून सांगितलं.

"मंग लोखंडच खराब हाय. याच्यावर मेहनत करून उपेग नाय. नवीन घे." त्यांनी दांडी टॉवेलात ठेवली आणि टॉवेल माझ्याकडे सरकवला.

खोटं बोलले होते हो मी. पूजा केली होती, हार घातला होता, नारळ फोडला होता, तेल काही बदललं नव्हतं. पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू करत वर्ष काढलं होतं. एवढंच असतं तर एक वेळ बोलून टाकलं असतं. पण स्टिअरिंगसमोर तेलाचा तो लाल दिवा लागायचा ना, तो सारखा डोळ्यात खुपतो म्हणून मी त्याच्यावर माझी टिकली चिकटवली होती. मोठी, मरून रंगाची. हे मी जाऊबाईंच्या देखत सांगायचं? पण नऊ पोरं सोमवारी दाराशी दप्तर घेऊन उभी राहणार होती. मान खाली घालून मी सगळं सांगून टाकलं, टिकलीसकट.

जाऊबाई हसतील म्हणून मी वर बघितलंच नाही. त्या हसल्या नाहीत. "चहा टाकते," म्हणून आत गेल्या. बाबांचा चेहरा मात्र एकदम उजळला. "अशी बोल ना! म्हंजे लोखंड चांगलं हाय, उपाशी मेलंय बिचारं. गॅरेजमधून झडपांवरची ती दुसरी पोकळ दांडी पन आन, तिच्यातूनच लोबांना तेल मिळतं. तिच्यातलं तेलाचं भोक बुजलं असेल. ते साफ नाय केलं तर मी भरलेला लोब आठ दिवसांत परत घासेल." मी खोटं बोलले त्यावर एक अक्षर नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस मी त्या शेडमध्येच होते. झिजलेल्या लोबावर वेल्डिंग करून त्यांनी धातू चढवला. गरम दांडी एकदम गार झाली तर तडकेल म्हणून ती भाताच्या तुसात पुरून ठेवली. चांगल्या लोबावरून तेलाच्या डब्याचा पत्रा कापून आकाराचा फर्मा केला, आणि ग्राइंडरवर थोडं घासायचं, फर्मा लावायचा, पुन्हा थोडं घासायचं, असं दिवसभर चाललं. मग व्हर्निअर लावला आणि माझ्यापुढे धरला. "वाच गो. शिकून ठेव."

"छत्तीस... आणि पुढे बारा," मी म्हणाले.

"नीट बघ. कंची रेघ जुळते?"

मी पुन्हा वाचलं. त्यांनी पुन्हा घासलं, पुन्हा माझ्यापुढे धरलं. पाचव्या की सहाव्या खेपेला व्हर्निअर त्यांनी उलटा धरला होता. आकडे खालच्या बाजूला गेले होते, आणि ते मात्र पट्टीच्या कोऱ्या पाठीकडे टक लावून बघत होते. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी हळूच पट्टी सुलटी केली आणि आकडा वाचला. "माझ्या पोरीला नको सांगू," ते घराकडे मान करत म्हणाले. "शेडला कुलूप घालेल."

रविवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये इंजिन बसलं आणि पहिल्याच किल्लीला सुरू झालं. टकटक नाही, काही नाही. मी त्या गॅरेजवाल्यासमोर लहान पोरीसारखी रडले. तिथूनच जाऊबाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "आकडे तू वाचलेस ना? बरं केलंस. त्यांच्या डोळ्यांचं मला माहीत आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. मोजायची वेळ झाली की मी मुद्दाम आत जाते." आणि मी या बाईसमोर तोरा मिरवत होते!

याला आता दोन वर्षं झाली. लोब अजून शाबूत आहे. शेड मात्र बंद आहे. कुणी कुलूप घातलं नाही, त्यांनाच आता जमत नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो, मी व्हॅन सुरू करते आणि मोबाइल इंजिनापाशी धरते. ते ऐकतात आणि "चालू दे," म्हणतात. गेल्या रविवारी मात्र म्हणाले, "ऐकाया नाय आलं गो. परत चालू कर." मी परत केली, मग आणखी एकदा केली. ॲक्सिलरेटर दाबून दाबून सगळी गल्ली दणाणून सोडली.

शेवटी मीच मोठ्यानं ओरडून सांगितलं, "बाबा, छान चालतेय हो!"

"तू म्हनतेस ना, मंग चांगलीच असंल," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. माझ्या शब्दाला इतका मान आजवर कुणी दिला नव्हता. मला मात्र त्याचं इतकं वाईट वाटलं, की गाडी बंद करायचं भान राहिलं नाही.