बायबलचं पारायण

बायबल मी पोथीसारखं वाचायला घेतलं, काय तो माझा शहाणपणा! आज नातीने उदबत्ती लावली आणि त्या वासासरशी पोलादपूरची ती खोली आठवली. हे अंथरुणाला खिळलेले. महाडच्या दवाखान्यातल्या ख्रिस्ती नर्सबाईंनी पुस्तक देताना बजावलं होतं, "रोज थोडंच वाचा." पण मी बाई हुशार! सप्ताहात पारायण संपलं तर हे उठून बसतील, असं ठरवून उदबत्ती लावून पाटावर उपाशीपोटी पहिल्या पानापासून सुटले. अमक्याला तमका झाला, तमक्याला आणखी कोणी. घसा बसला, अर्थ काही कळेना. आता दोन ओळींतच दमते आणि तेवढ्या पुरतात. तेव्हा मात्र यांच्याकडे बघायचीही सवड नव्हती. शेवटी यांनीच हात पानावर ठेवला.

"पुरे गो आता. जरा माझ्याशी बोल."