अण्णांच्या बिननावाच्या पुड्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर आईवडिलांनंतर मला अण्णांचंच नाव घ्यावं लागतं. ते घेताना तोंड कडू होतं, हेही खरं.

गिऱ्हाईकाचं अर्धं वाक्य कानावर पडलं की अण्णांचा हात गोळ्यांच्या खणाकडे जायचा. "कळलं, कळलं. दोन दिवस घ्या, मग बघू." उरलेलं अर्धं वाक्य त्यांनी कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

कोपर स्टेशनजवळ त्यांचं औषधांचं दुकान होतं. मी मुरबाडच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. फार्मसीला होतो तेव्हा अण्णांनी मला काउंटरमागे काम दिलं. परीक्षा आली की स्टूल पुढे करायचे. "तू वाच रे, गिऱ्हाईक मी बघतो." पास झालो तेव्हा माझं फार्मासिस्टचं प्रमाणपत्र त्यांनीच काचेच्या चौकटीत बसवून भिंतीवर लावलं. मला वाटलं, कौतुकाने. नंतर कळलं, त्याआधी तिथे दुकानाच्या परवान्यापुरतं कल्याणच्या एका गृहस्थांचं प्रमाणपत्र होतं आणि ते गृहस्थ दुकानात कुणी कधी पाहिले नव्हते.

औषधांच्या दुकानांनी नुसत्या गोळ्या न विकता लोकांच्या तब्येतीकडेही लक्ष द्यावं, असं हल्ली म्हणतात. मला ते मनापासून पटतं. डॉक्टरांच्या आधी माणूस आमच्या पायरीवर येतो. अण्णांना तर ते माझ्याआधीच पटलं होतं. त्यांनी "आरोग्य सल्ला केंद्र" अशी पाटी रंगवून घेतली आणि बीपीचं मशीन आणलं. पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळायचा, तो फुगत असताना मुलीच्या लग्नाचं विचारायचं, आणि आकडा वाढला की मान हलवायची. "बघा, मी म्हणालो नव्हतो?" म्हणालेले मात्र काहीच नसायचे.

लोक त्यांना डॉक्टर म्हणू लागले. मी टोकलं तर म्हणाले, "मी कुठे म्हणतो? लोक म्हणतात. त्यांचं मन कशाला मोडू?"

गोळ्या ते पाकिटातून सोडवून कागदाच्या पुडीत देत. अशी पुडी तुम्हीही कधी घेतली असेल. "अरे, नाव कळलं की माणूस पुढच्या दुकानात जातो. पुडीवर नाव नसतं, म्हणून आपल्याकडे परत येतो." एवढंच त्यांचं औषधशास्त्र.

चार घरी पोळ्या करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांना बीपी होतं, शिवाय गुडघे दुखायचे. अण्णा त्यांना महिनोन्महिने रोज दुखण्याची गोळी देत होते. एकदा त्यांच्या पायांवर सूज दिसली.

"मावशी, या गोळ्या थांबवा. रोज घेतल्या तर किडनी जाते. डॉक्टरांना दाखवा."

"अरे बाळा, डॉक्टर हे काय बसलेत की!"

अण्णा हसले. "पोरगं पुस्तकातलं बोलतंय हो. चप्पल घट्ट असेल तुमची." आणि पुडीत सुजेची एक गोळी वाढली. ती पुडी मीच बांधून दिली. उपकार आडवे आले.

दोन आठवड्यांनी मावशी आल्या तेव्हा चेहराही सुजला होता, धाप लागत होती. अण्णा जेवायला घरी गेले होते. मी शटर ओढलं आणि त्यांना रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेलं.

"काय घेत होता?" तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं. मावशींनी कमरेची पुडी काढून दिली. बाईंनी ती उलटसुलट केली. गोळ्यांची नावं मी सांगितली.

"कुठल्या दुकानातून?"

तेही सांगितलं.

"तिथे फार्मासिस्ट नाही का?"

"आहे," मी म्हणालो. "मीच."

त्याच संध्याकाळी अण्णांना पत्र लिहिलं.

"तीर्थरूप अण्णा,
सा. न. वि. वि.
माझं प्रमाणपत्र मी उतरवून नेलं आहे. औषध खात्यालाही तसं कळवलं आहे. दुसरा फार्मासिस्ट मिळेपर्यंत दुकान उघडू नका. तुम्ही मला शिकू दिलंत, हे मी जन्मभर सांगेन. तुमच्या हाताखाली मात्र परत उभा राहणार नाही.
मावशींना सरकारी दवाखान्यात ठेवलंय. त्यांची किडनी कितपत सुधारेल, ते डॉक्टर आज सांगत नाहीत. मावशी इथल्या गोळ्या घ्यायला तयार नाहीत. 'आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको,' म्हणतात. मी सांगून थकलो, माझं ऐकत नाहीत. तुम्ही डॉक्टर नाही, हे त्यांना तुम्हीच येऊन सांगा. उद्या सकाळीच या."