डमीचा फोन

शनिवारी दुपारी जयवंत परब दुसऱ्यांदा आंघोळ करायचे. मग इस्त्रीचा शर्ट, मानेला पावडर, मनगटाला घड्याळ. निघायचं कुठं, तर बाहेरच्या खोलीतल्या टेबलापर्यंत. तिथं मिक्सरच्या खोक्याला टॅबलेट टेकवलेला असायचा आणि चार वाजता त्यावर ब्रिजचा डाव बसायचा.

विक्रोळीच्या कारखान्यात, टूलरूममध्ये त्यांची उभी हयात गेली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागे मेंढीकोट कुटत बसणाऱ्या जयवंतला बाळ खानोलकरनं ओढून कंपनीच्या क्लबात नेलं, ब्रिज शिकवला आणि समोर बसवलं. तेव्हापासून समोर बाळच. लग्नं झाली, पोरं झाली, कंपनीनं पैसे हातावर ठेवून घरी पाठवलं, पण भिडू बदलला नाही. पुढं बाळची बायको गेली, गुडघे गेले, तो बोरिवलीला मुलाकडे राहायला गेला. आता दोघांची गाठ पडायची ती या काचेवर.

त्यात यंदा कॉलनीच्या तोंडाशी रस्ता खणला. कुदळीनं वायफायची केबल तुटली आणि जोडायला कुणी येईना. मुलगी अनुपमा दर शनिवारी मुलुंडहून यायची आणि आपल्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बापाला बसवून द्यायची. तरी ऐन डावात लाइन जायचीच. टेबलावरची खुर्ची रिकामी दिसली की ऑनलाइन स्पर्धा चालवणारी डायरेक्टर तिथं बदली बसवायची. जयवंतच्या बापानं उमेदीची वर्षं गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून काढलेली. तो शब्द पडद्यावर आला की जयवंत उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे, आणि अनुपमा त्यांना हाक मारायची नाही.

गुरुवारी बाळचा फोन आला.

"जयवंता, सरळ सांगतो, राग मानू नको. तू मधेच गडप होतोस आणि मी कुठल्या तरी अनोळखी माणसाबरोबर खेळत बसतो. या शनिवारी परत लाइन गेली ना, तर पुढच्या वेळेपासून मी आपल्या क्लबातल्या मार्तंडबरोबर बसणार. बोललोय त्याला."

"लाइन मी तोडतंय काय रे?"

"तू नाही तोडत. पण तुटते तुझ्याकडचीच ना?"

शुक्रवारी ते नीट जेवले नाहीत.

शनिवारी अनुपमा तासभर आधीच आली. मोबाइल खिडकीच्या कठड्यावर ठेवला, कारण रेंज तिथंच धरायची. जयवंतनी स्वतःचा मोबाइल बंद करून फ्रिजवर ठेवला. खेळ चालू असताना भिडूशी अवाक्षर बोलायचं नाही, हा त्यांचा दंडक.

"बाबा, घरात कोण बघायला येतंय?"

"मी आसंय मां घरात."

डाव सुरू झाले. एक झाला, दुसरा झाला, लाइन टिकली. अनुपमाला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. शेवटच्या डावाला दोघं पहिल्या नंबरावर होते. जयवंतनी चार इस्पिकांची बोली घेतली, म्हणजे बाळ डमी झाला. डमीचे पत्ते टेबलावर उघडे, दोघांचे हात जयवंतनीच खेळायचे आणि डमी मोकळा. क्लबात बाळ डमी झाला की चहा आणायला उठायचा, इकडंतिकडं फिरायचा. बूड म्हणून टेकायचं नाही त्याचं.

सगळं अडलं बदामाच्या राणीवर. ती डावीकडच्याकडे की उजवीकडच्याकडे? ओळखली तर बोली पुरी, चुकली तर घात. जयवंत कानाची पाळी चिमटीत धरून बसले. क्लबात बाळला ती पाळी दिसायची आणि तो समजायचा, साहेब विचारात आहेत. बोरिवलीत काय दिसणार? न हलणारा पडदा.

कठड्यावरचा मोबाइल थरथरला. त्यात दोन सिम होती, एकावर नेट, दुसरं जुनं. फोन जुन्यावर वाजला आणि तत्क्षणी टॅबलेटवर गोल चक्र फिरू लागलं.

"गेली!" जयवंत ओरडले. "अनू, लाइन गेली गो!"

नाव झळकत होतं, बाळकाका. अनुपमानं फोन कापला. तो परत वाजला.

"उचलू नको! भिडूचो फोन आसा तो!"

"अहो, उचलत नाहीये, कापतेय!"

मागच्या वेळांनाही लाइन गेल्यावर बाळकाकांचा फोन दिसायचा. तिला वाटायचं, लाइन गेली म्हणून फोन. आज डोळ्यांदेखत उलटं दिसलं. तिनं जुनं सिम बंद करून टाकलं. मोबाइलवर नेट आलं, टॅबलेट अजून फिरतच होता. खुर्ची गेली की आहे? बघायला तिनं मोबाइलवरच, स्वतःच्या नावानं ते टेबल उघडलं. खुर्ची होती. डायरेक्टर रेवतीचा निरोपही होता, एक मिनिट थांबते, मग बदली.

पण नुसत्या बघ्याला चारही हात उघडे दिसतात. बदामाची राणी तिला लख्ख दिसली.

तेवढ्यात टॅबलेट जागा झाला. जयवंतनी सवयीनं मान वर केली. आयुष्यभर ते समोरच्यांची तोंडं वाचत आलेले, आणि खोलीत तोंड एकच होतं.

"काय झाला गो? अशी काय बघतंस?"

"बाबा, मी चारही हात बघितले. चुकून."

जयवंतचं बोट हवेतच राहिलं.

"तोंड फिरव. नाय, तू आत जा. दार लाव."

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याला टेकून, नळाकडे बघत उभी राहिली. बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. मग टॅबलेटचा पत्ता पडल्याचा बारीक आवाज झाला. आणखी एक. मग एकामागून एक, भराभर. डावात विचार करण्यासारखं काही उरलं नाही की ते असे खेळत.

ती बाहेर आली तेव्हा बोली पुरी झालेली. राणी बरोबर धरली होती. जयवंत मात्र एका बोटानं रेवतीला लिहीत होते, अक्षर अक्षर शोधत: माझ्या मुलीने चारही हात पाहिले. तो डाव धरू नका.

"बाबा, मी तुम्हाला काही सांगितलं तरी का?"

"मी तुझ्या तोंडाकडे बघलंय. राणी माका डोक्यात गावली की तुझ्या तोंडार, ता माकाच सांगता येत नाय."

रेवतीनं विचारलं, नक्की का काका? त्यांनी लिहिलं, नक्की. डाव रद्द झाला, दोघं तिसऱ्यावर घसरले. जयवंतनी फ्रिजवरचा मोबाइल उतरवून चालू केला. तो वाजायलाच टपलेला.

"मेल्या, पहिले होतो आपण! मला न विचारता तू—"

"खेळताना भिडूशी बोलाचा नसता."

"बोल, बोल अजून! आणि लाइनही गेलीच ना परत? मी मार्तंडला आत्ताच—"

अनुपमानं बापाच्या हातातून फोन घेतला.

"काका, लाइन तुमच्या फोननं गेली. माझ्या जुन्या नंबरावर वाजला की नेट मरतं."

"म्हणजे मागच्या शनिवारी पण?"

"मागच्या पण. त्याच्या आधी पण."

"तो विचाराला बसला की दगड होतो गं," बाळचा आवाज उतरला. "इथं मी एकटा. पडदा हलत नाही. मला वाटतं, झालं काहीतरी याला. लाइनचं नंतर सुचतं."

जयवंतनी हात पुढं केला आणि फोन कानाला लावला.

"मार्तंडाक काय सांगतलंस?"

"काय सांगू? खुर्ची रिकामी नाही म्हणतो." बाळ खाकरला. "पण तू हल जरा, यार. एखादं बटण तरी दाब."

"माका विचार करूक वेळ लागता. तू डमी झालंस की फोन फ्रिजार ठेव. माझो थयच असता."